माहेरचं पेट्रोल

वेसाव्याहून परत येऊन आठवडा होत आला. आणलेले बोंबील निवडून डब्यांत भरून झाले, साडीचा वास दोन धुण्यांत गेला, पण डोळ्यांपुढून खाडी काही जात नाही. आमच्या मुलुंडच्या चाळीतल्या बायका विचारतात, "काय गं, कसं झालं माहेर?" मी "छान" म्हणते आणि नळाकडे वळते. तोंडाने सांगायला मला तेवढंच येतं. बाकीचं इथे लिहून ठेवते. ज्यांनी वेसावं पाहिलेलं नाही त्यांना कधी वाचावंसं वाटलं तर वाचतील.

निघण्याआधी

मी सुकी मासळी विकते. जन्माने वेसाव्याची कोळीण, पण हाक मारायला मला कधी जमलं नव्हतं. माझी आई अंधेरीच्या गल्लीत टोपली घेऊन शिरली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बायका ताटल्या घेऊन उभ्या राहत. मी तिच्या मागून चालायची आणि लोक विचारायचे, "ही मुकी कोण गं?" लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा धंदा कसा करायचा हाच प्रश्न होता. तो ह्यांच्या स्कूटरने सोडवला.

स्कूटर निळी, जुनी, टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून पिणारी. तिचा आवाज फुटक्या ढोलासारखा. आमची बरीच गिऱ्हाइकं ज्या सोसायट्यांत राहतात तिथे अर्धी बिल्डिंग मासळी खाणारी आणि अर्धी मासळीच्या वासाने दार लावून घेणारी. फाटकावर पाटीच आहे, फेरीवाल्यांनी ओरडू नये. पण स्कूटरला कोण काय बोलणार? हे फाटकाशी उभं राहून हँडलच्या मुठीला दोनदा पीळ द्यायचे. फट्-फट्-फट्. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं आणि त्या पिशवी घेऊन खाली यायच्या. इतकी वर्षं माझा धंदा असा चालला. हाक ती मारायची, वजन मी करायची.

गेली दोनेक वर्षं ती आजारी पडायला लागली. पंपावर आता इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं. आमचा नीलेश म्हणतो ते उसापासून काढलेलं स्पिरिट असतं, आणि नव्या गाड्यांना ते चालतं कारण त्या तशाच बनवलेल्या असतात. आमची तशी नव्हती. सकाळी किक मारून ह्यांचा पाय दुखायचा. चढावर ती अडखळायची. दोन दिवस उभी राहिली तर तिसऱ्या दिवशी खाली पेट्रोलचा ओला डाग असायचा. हे म्हणायचे, "आयुष्यात मी थेंबाला शिवलो नाही आणि ही म्हातारपणी प्यायला लागली."

"पप्पा, भंगारात द्या तिला," नीलेश म्हणाला. "इलेक्ट्रिक घेऊ. धूर नाही, किक नाही, आवाज तर अजिबातच नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी उलटली.

"आई, तू सांग ना त्यांना काहीतरी."

मी काय सांगणार? आवाज नाही हेच तर माझं दुखणं होतं.

शेवटी बापलेकांचं ठरलं. दिवाळीआधी बोंबील आणायला वेसाव्याला जायचंच होतं. स्कूटर आपल्या चाकांवर जाऊन आपल्या चाकांवर परत आली तर ठेवायची. टेम्पोत घालून आणावी लागली तर टेम्पो तसाच भंगारवाल्याकडे वळवायचा. "प्रॉमिस?" नीलेशने विचारलं. "प्रॉमिस," हे म्हणाले.

मिठागरांच्या कडेने

मी स्कूटरवर एका अंगाने बसते, तोंड डावीकडे. म्हणून जाताना मला रस्त्याची एकच बाजू दिसते आणि येताना दुसरी. ह्यांना सगळा रस्ता दिसतो पण त्यांना खड्डे बघायचे असतात. एका परीने पाहणारी मीच.

आम्ही उजाडताच हायवेला लागलो. भांडुप गेलं की डाव्या हाताला मिठागरं लागतात. त्यांत अजून पावसाचं पाणी होतं, मीठ धरलं नव्हतं. पाण्यावर पांढरट धुकं बसलं होतं आणि बांधावरून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. पाण्यातही एक माणूस उलटा, सायकल हातात धरून चालला होता. दोघांनाही घाई नव्हती. स्कूटरच्या धुराला गोडसर वास येत होता, पूर्वी यायचा तसा नव्हे, वेगळाच, दूर कुठे तरी गुऱ्हाळ असावं तसा. मी डोळे मिटले तर ऊस दिसला. उघडले तर मीठ. अशा झोपेत-जागेत घाटकोपर आलं.

घाटकोपरला वळलो की डोक्यावर मेट्रो येते आणि थेट वेसाव्यापर्यंत वरून सोबत करते. वरच्या गाडीतल्या लोकांना आमची फट्-फट् ऐकू जात असेल का, असं मनात आलं. तेवढ्यात असल्फ्याचा चढ लागला आणि ती थांबली.

साकीनाका

ढकलत नेली. हे हँडलला आणि मी मागून, पदर खोचून. मागचे रिक्षावाले भोंगे वाजवत होते. लाज वाटून मी मान खाली घातली, त्यामुळे त्या चढाची मला फक्त डांबराची आठवण आहे.

साकीनाक्याच्या आत, लेथच्या गाळ्यांच्या रांगेत, एका गाळ्यात जुन्या स्कूटरी दुरुस्त करणारे सलीमभाई बसतात. पांढरी दाढी, मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी आमच्यापेक्षा गोड. त्यांनी आधी चहा सांगितला, मग टाकीचं झाकण काढून वास घेतला.

"भाऊ, किती दिवस उभी होती?"

"चार-पाच दिवस."

"तेच. ह्या पेट्रोलला उभं राहणं आवडत नाही. जुन्या गाडीचं रबर ते खाऊन टाकतं. बघा."

त्यांनी पेट्रोलचा पाइप काढून माझ्या हातात दिला. तो गुळासारखा चिकट झाला होता. आतली रबराची चकती फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखी मऊ. कार्ब्युरेटरच्या तळाला पांढरी पूड बसली होती. मी बोटाने उचलली. मिठागराची पूड हाताला लागावी तशी खरखरीत.

"चाटू नका हां वहिनी," सलीमभाई म्हणाले. "कोळणींना काय, पांढरं दिसलं की मीठ."

मी हसले. हेही हसले. मग सलीमभाईंनी सगळं सावकाश सांगितलं. हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते आणि स्पिरिट मिळून खाली बसतं, पेट्रोल आणि तेल वर राहतं, आणि गाडी तर खालूनच पिते. म्हणून भरायचं थोडं आणि जाळायचं रोज. "आणि समुद्राच्या हवेत तर हिला ठेवूच नका. चाललात कुठे?"

"वेसाव्याला," हे म्हणाले.

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांनी ह्या पेट्रोलला टिकेल असा पाइप घातला, रबरं बदलली, आत पेट्रोल जरा जास्त जाईल असं काहीतरी केलं. मी बाकावर बसून बनपाव चहात बुडवून खाल्ला. आमच्याकडे मुलुंडला बनपाव गोड असतो, इथे त्यात बडीशेप होती. समोरच्या लेथवरून लोखंडाचे कुरळे काप पडत होते, निळे, जांभळे, मोराच्या पिसासारखे. त्यांच्याकडे बघता बघता मी कुठे गेले कळलं नाही. भानावर आले तेव्हा सलीमभाई सायलेन्सर भट्टीत तापवून आपटत होते आणि आतून काजळीचे काळे पापुद्रे पडत होते.

"हे तुम्ही नाही सांगितलं, पण केलं," ते ह्यांना म्हणाले. "कित्येक वर्षांचा कोळसा होता. आता ऐका."

एका किकेत चालू झाली. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला आमचं लग्न आठवलं. ती आता बारीक, गुळगुळीत बोलत होती. मागे बसल्यावर मला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या स्कूटरवर बसलो. पण वारा लागला आणि मी ते विसरले.

वेसावे

गल्लीच्या तोंडाशीच वास भेटतो. लोक नाक धरतात, मला मात्र घर आल्यासारखं वाटतं. माझा भाऊ धर्मा, मी त्याला दादूस म्हणते, दारात जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. आम्ही स्कूटर अगदी त्याच्यापुढे उभी केली तरी नाही. मी खाली उतरले तेव्हा दचकला.

"आयलीस गो बाय! मला वाटला कोन पावना आला. नेहमी तर नाक्यावरनंच कलते तुमची सवारी."

हिरा वयनी आतून हात पुसत आली. "कवरा वेळ लावलास! बोंबील तलून ठेवलंय, थंड होल."

ताजा बोंबील, तांदळाची भाकरी, मांदेल्यांचं कालवण. मुलुंडला मी ताजा बोंबील करते तेव्हा तो बाजारातून आलेला असतो, दमलेला. इथे तव्यावरही तो हलतोय असं वाटतं. हे मुलुंडचे, काट्यांना घाबरणारे. वयनी त्यांना दर वेळी म्हणते, "भावजी, बोंबलाला काटा नसतो, नुसता संशय असतो."

संध्याकाळी मी एकटी धक्क्यावर जाऊन बसले. भरती येत होती. होड्या एकमेकींना हळूच टेकत होत्या, झोपेत कूस बदलावी तशा. पलीकडे मढ, झाडांची काळी रेघ आणि त्यात दोन-तीन दिवे. लहानपणी आई तिथून हाक मारायची आणि इकडे आम्हाला ऐकू यायची. मी तोंड उघडून बघितलं. कुणी नव्हतं तरी आवाज निघाला नाही. मग मिटलं.

स्कूटर रात्री सलीमभाईंच्या सांगण्याप्रमाणे घराच्या आत ठेवली, जाळ्यांच्या शेजारी.

ओटी

सकाळी खाडी ओलांडून मढला जायचं होतं. तिथे वयनीच्या आईचं खळं आहे, मासळी वाळवायचं अंगण. वयनीही तिथवर येणार होती. बोंबील तिथूनच घ्यायचे आणि तसंच घरी निघायचं. म्हणून वयनीने निघण्याआधी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, वर केवड्याचं पान. मी पदर सावरून उठले तर बाहेर दादूस स्कूटरच्या टाकीत डबा ओतत होता.

"दादा, नको हो, पेट्रोल आहे," हे म्हणत होते.

"भावजी, गप बसा. आमचे घरानशी बहीण रिकामी नाय जात. तिची ओटी वयनी भरते, हिची मी भरतो." आणि स्कूटरच्या बसायच्या गादीवर त्याने प्रेमाने थाप मारली. "माझ्या होडीचा इंजिन आनि तुमची ही, एकाच जातीची. दोघींना तेलपेट्रोल एकत्रच लागतं."

तो डबा होडीतला होता. होडीचं इंजिन बिघडून महिनाभर पडून होतं, डबा तसाच होडीत. झाकण हरवलेलं, तोंडात चिंधीचा बोळा. मला सलीमभाईंचे शब्द आठवले. ह्यांनाही आठवले असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण ओटी भरणाऱ्याचा हात कधी कुणी धरला आहे का? डबा पार रिकामा करून दादूसने शेवटचे थेंबही झटकले. मी वाकून त्याला नमस्कार केला.

मढ

फेरीबोटीत स्कूटरी चढवतात हे मुलुंडच्या बायकांना खरं वाटत नाही. लाकडी फळीवरून हे तिला घेऊन आले, खलाशाने मागून हात दिला, आणि ती कोंबड्यांच्या पाट्यांशेजारी उभी राहिली. हाकेच्या अंतराचा प्रवास. तेवढ्यात पाण्याने रंग बदलला, करडा होता तो हिरवा झाला. टाकीत पेट्रोल डचमळताना ऐकू येत होतं. आपण सगळेच कशात तरी डचमळतोय असं वाटलं, बोट खाडीत, पेट्रोल टाकीत, नारळातलं पाणी माझ्या ओटीत.

खळ्यावर बांबूंच्या उंच वलांडींना बोंबील टांगले होते. दोन-दोन, तोंडात तोंड अडकवून, ओळीमागे ओळी. वारा आला की सगळे एकदम सळसळायचे, उन्हात चांदीसारखे. त्यांच्या खालून चाललं की अंगावर जाळीदार सावली पडते. मी उगाचच दोन फेऱ्या मारल्या. वयनीच्या आईने निवडून दिले, आम्ही गोणी स्कूटरला बांधल्या, वयनी निरोप द्यायला उभी राहिली. ह्यांनी किक मारली. चालू झाली. वलांडी संपायच्या आत ती दोनदा शिंकली आणि गप्प झाली.

किक. परत किक. ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला. प्लग पुसला, फुंकला, लावला. काही नाही. शेवटी ते मातीच्या बांधावर बसले.

वयनी म्हणाली, "येवडा काय त्यात? माज्या भाच्याचा टेम्पो दुपारी ठान्याला जातो. मुलुंड वाटेवरच. चढवा की वर."

 आमच्या घरात टेम्पो म्हणजे काय ठरलंय ते तिला माहीत नव्हतं. हे स्कूटरच्या निळ्या पत्र्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले आणि मग हळूच मला म्हणाले, "गेली बघ."

वारा पडला होता. वरचे बोंबील हलत नव्हते. मला खारवलेल्या मासळीचं पिंप आठवलं. आई मासळीवर मीठ घालून ठेवायची, मासळीचं पाणी सुटून तळाला जमायचं, आणि ती खालचं बूच काढून तेवढंच जाऊ द्यायची. वरची मासळी चांगलीच असायची.

"खालून काढा," मी म्हणाले.

"काय?"

"सलीमभाई म्हणाले ना, पाणी खाली बसतं. खालचं काढून टाका. वरचं चांगलं असेल."

ह्यांनी पाइप सोडवला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धार धरली. गढूळ, पिवळट आलं. बाटली भरली. वयनीने एक जुना पत्र्याचा डबा आणला, ते त्यात ओतून मासळीपासून दूर नेऊन ठेवलं. परत बाटली धरली. ह्या वेळी अर्धं गढूळ आलं आणि मग धार बदलली. बाटली उन्हात धरली तर खाली मातकट, वर स्वच्छ निळसर, तेलाचा रंग घेतलेलं, आणि दोघांच्या मध्ये एक सरळ रेघ. भरतीची खाडी आणि आभाळ जसं दिसतं तसं. आम्ही तिघंही ती बाटली बघत उभे राहिलो.

"हा तुज्या भावाचा डबा?" वयनीने विचारलं. मी मान हलवली. तिने माझा हात धरला. "त्याला सांगू नको गो. रातभर झोपाचा नाय तो."

"नाही सांगत."

नुसतं निळसर येऊ लागलं तसा ह्यांनी पाइप लावला. कितवी किक होती ते मोजलं नाही. ती खोकली, पांढरा धूर टाकला आणि बोलू लागली. ह्यांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक बोंबलांना.

दुसरी बाजू

परतताना मला मुंबईची उरलेली अर्धी बाजू दिसली. अंधेरीला फुलांच्या टोपल्या, साकीनाक्याला सलीमभाईंच्या गाळ्याची बंद फळी, नमाजाची वेळ असावी. असल्फ्याला टेकडीवरची रंगीत घरं, आणि हायवेला आमच्या बाजूचे डोंगर, दुपारच्या उन्हात विरघळलेले. ती कुठेही थांबली नाही. पाठीला गोणीची ऊब आणि टाकीत भावाने भरलेलं पेट्रोल. मला दोनदा डुलकी लागली. दोन्ही वेळा ह्यांनी डावा हात मागे करून मला चाचपलं.

नीलेश घराशीच होता. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून ओला डाग शोधला. नव्हता.

"टेम्पोवाल्याला नाक्यावर सोडून आलात ना?"

"वास घे," हे म्हणाले. "वेसाव्याची हवा आहे तिच्यात."

"मान गये पप्पा," तो म्हणाला आणि गोण्या सोडवू लागला.

फाटकाशी

प्रवास खरं तर इथे संपायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डबे लावून पहिल्या सोसायटीच्या फाटकाशी उभे राहिलो. ह्यांनी दोनदा पीळ दिला. कुणी आलं नाही. परत दिला. खिडक्या तशाच.

वॉचमन उठून आला. "काका, नवीन गाडी घेतली?"

तेव्हा मला कळलं. दादूसने मान वर केली नव्हती ते आठवलं. सलीमभाईंनी इतक्या वर्षांची काजळी झटकली आणि तिच्याबरोबर तो फुटका ढोल गेला. आता ती कुणाच्याही स्कूटरसारखी बोलत होती. तिला भंगारातून वाचवून आम्ही घरी आणलं होतं, आणि माझी हाक साकीनाक्याच्या भट्टीशी काळे पापुद्रे होऊन पडली होती.

"धरेल परत काजळी," हे म्हणाले. "होईल पहिल्यासारखा आवाज."

"कधी?"

त्यांनी खांदे उडवले. डब्यात वेसाव्याचे बोंबील होते. फाटकावर पाटी होती, फेरीवाल्यांनी ओरडू नये. मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. नावाने हाक मारू नये असं तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी खाली उतरले.

"सुलभाताई," मी म्हणाले. ते मला एकटीलाच ऐकू आलं. ह्यांनी स्कूटर बंद केली. धक्क्यावर संध्याकाळी मिटलेलं तोंड मी परत उघडलं.

"सुलभाताऽई!"

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. सुलभाताईंनी वॉचमनकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, समोरच्या गच्चीकडे पाहिलं. मी खाली उभी होते तरी मला सोडून सगळीकडे पाहिलं.

"कोण गं?"

"मी. बोंबील आणलेत."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! तुझा आवाज होय हा? थांब, थांब, पिशवी घेऊन आले."

मागून हे हळूच म्हणाले, "सलीमभाईंनी तुझाही सायलेन्सर आपटला वाटतं."

मी मान आणखी वर केली. मला अजून चौथ्या मजल्यावरच्या कमलताईंना हाक मारायची होती.